शिकवणारा नट: आफ्रिकान्स रंगभूमीवरचं करिअर कसं घडतं

नाट्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे. तिच्या वाचनात एका दिवंगत दक्षिण आफ्रिकी कलाकाराचा परिचय आला आणि त्यात ओळख एवढीच होती: आफ्रिकान्स रंगभूमीवरील अभिनेता व नाट्यशिक्षक. असं करिअर प्रत्यक्षात कसं असतं, त्या भाषेत नाटकावर पोट भरतं का आणि शिकवायला लागलं की नट संपतो का, हे तिला जाणून घ्यायचं आहे. तिसरा प्रश्न तिचा स्वतःचाही आहे. घरचे बी.एड. कर म्हणतात आणि तिला ती माघार वाटते.

मी वाचिक अभिनय शिकवते, प्रयोगही करते आणि आफ्रिकान्स रंगभूमीचा अभ्यास बरीच वर्षं करत आले आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. आफ्रिकान्स नाटकाच्या इतिहासात शिकवणं ही नटाची पडती बाजू कधीच नव्हती. ती रंगभूमी उभी राहिली तीच मुळी मास्तर आणि बाईंच्या जोरावर. नट, प्रेक्षक आणि रंगमंचावर बोलायची भाषा ही तिन्ही शिकवणाऱ्या माणसांनी तयार केली. त्यांनी काही माणसांना दाराबाहेरही ठेवलं. तेही सांगणार आहे, कारण ते वगळलं तर हे करिअर समजतच नाही.

आधी भाषेचा आकार लक्षात घ्या. २०११ च्या जनगणनेत आफ्रिकान्स ही मातृभाषा सांगणारे सुमारे ६९ लाख लोक होते. मराठीच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढे. त्यातले निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. देशाच्या दक्षिण टोकाच्या केप भागातले गुलाम, तिथले मूळ रहिवासी खोईखोई, मलाय मुसलमान, डच शेतकरी अशा सगळ्यांच्या तोंडी घडलेली ही भाषा आहे. तिला राजभाषेचा दर्जा मिळाला १९२५ मध्ये. त्याआधी व्यासपीठावर आणि चर्चमध्ये डच चाले, शहरातल्या थिएटरात इंग्रजी. म्हणजे व्यावसायिक आफ्रिकान्स नट हा प्राणी जेमतेम शंभर वर्षांचा आहे.

सुरुवात झाली फिरत्या मंडळ्यांपासून. पॉल द ग्रूट नावाचा एक डच नट दक्षिण आफ्रिकेत आला आणि १९२५ च्या सुमारास त्यानं आफ्रिकान्स नाटकं घेऊन दौरे सुरू केले. हेन्ड्रिक हानेकोम आणि त्याची पत्नी माटिल्डे, वेना नौडे ही सगळी त्याच काळातली मंडळी. यांचं आयुष्य गाडीतच गेलं म्हणायला हरकत नाही. कारू या ओसाड पठारावर दोन गावांत शंभर-शंभर किलोमीटरचं अंतर. गावात नगर-सभागृह किंवा शाळेचा हॉल, आणि चर्चची मंडळी नाटकाकडे संशयानं बघणारी. तालीम शिकवायला कुणी नाही. जो आधी आला तो नंतर आलेल्याला उभं राहायला, चालायला, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायला शिकवी. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांत हेच घडत होतं, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच शाळेतून आंद्रे ह्यूगनेट आला. १९०६ चा जन्म, गाव ब्लूमफाँटेन, खरं नाव गेरार्डस पेट्रस बोर्स्टलाप. रंगमंचावरचं नाव द ग्रूटनं दिलेलं. १९२६ मध्ये तो मंडळीत शिरला, पुढे त्यानं स्वतःची मंडळी काढली, १९३१ च्या आफ्रिकान्स बोलपटात काम केलं आणि १९४७ मध्ये आफ्रिकान्स भाषांतरातला हॅम्लेट उभा केला. ज्या भाषेला ‘स्वयंपाकघरातली बोली’ म्हणून हिणवलं जाई, तिच्यात शेक्सपिअर पेलवतो का, या शंकेला ह्यूगनेटनं रंगमंचावरून उत्तर दिलं. १९५० मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं. १९५६ मध्ये केप टाउनला त्यानं इडिपस केला तेव्हा धनगराच्या छोट्या भूमिकेत एक तरुण होता, अ‍ॅथॉल फ्यूगार्ड. ह्यूगनेट १९६१ मध्ये वारला. त्यानंतर चार दशकांनी, २००४ मध्ये, जगप्रसिद्ध झालेल्या फ्यूगार्डनं त्या दोघांवर दोनच पात्रांचं नाटक लिहिलं: एक थकलेला थोर नट आणि एक होतकरू लेखक.

मला या कहाणीत सगळ्यात जास्त भिडतं ते असं की ह्यूगनेट कुठल्या विद्यापीठात शिकवत नव्हता. त्यानं त्या पोराला वर्गात बसवून काही सांगितलं नाही. रोज रात्री विंगेत उभं राहून बघायला मिळालं, एवढंच. आणि ते पन्नास वर्षं पुरलं. नटाचं शिकवणं इथून सुरू होतं, पदवीचा कागद त्यानंतर.

पण हा मार्ग माणसाला फार खातो. नुसत्या प्रयोगांवर जगायचं तर सतत नवं नाटक, सतत दौरा, स्वतःचे पैसे घालणं आणि एक सीझन पडला की कर्ज. म्हणून त्याच पिढीतला दुसरा नमुना बघा: आना नीत्लिंग-पोल. जन्मही १९०६ चाच. १९३५ मध्ये प्रिटोरियात फोल्क्सतेआटर ही संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ती होती. अभिनय, दिग्दर्शन, रेडिओ, भाषांतरं आणि पुढे प्रिटोरिया विद्यापीठाच्या नाट्यविभागात अध्यापन. १९९२ पर्यंत आयुष्य लाभलं. एका माणसाच्या हातून इतकी निरनिराळी कामं झाली याचं कारण एकच, तिनं शिकवणं आणि करणं यांत कुंपण घातलं नाही. अर्थात ही बाई आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांच्या, राष्ट्रवादाच्या ऐन गाभ्यातली होती, आणि तो राष्ट्रवाद पुढे वर्णभेदाचं राज्य झाला. तिची कर्तबगारी सांगताना हे झाकून ठेवणं मला मान्य नाही.

१९४७ मध्ये सरकारी मदतीवर राष्ट्रीय नाट्यसंघटना स्थापन झाली. तिचा प्रमुख पी. पी. ब्रेटनबाख हा माणूस शिक्षणक्षेत्रातला आणि हौशी नाट्यचळवळीतला. हा योगायोग मानू नका. गावोगावच्या हौशी मंडळांना एकत्र बांधणारी माणसं बहुतेक शाळांतलीच होती. संघटना आफ्रिकान्स आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत नाटकं करी आणि देशभर फिरे. १९६३ मध्ये तिच्या जागी चार प्रांतांची चार कलामंडळं आली. ट्रान्सवाल, केप, ऑरेंज फ्री स्टेट आणि नाताळ. इथून पुढची साधारण तीस वर्षं गोऱ्या आफ्रिकान्स नटाला महिन्याच्या महिन्याला पगार होता. पगारी नट, शिवणकामाचा विभाग, नेपथ्याचं वर्कशॉप, शाळांसाठी वेगळे दौरे. आपल्याकडच्या नटाला हे वाचून हेवा वाटेल. मलाही वाटायचा, त्या हॉलमध्ये बसायची परवानगी कुणाला होती हे कळेपर्यंत.

विद्यापीठांचे नाट्यविभागही याच सुमारास वाढले. केप टाउन विद्यापीठाचं लिटल थिएटर १९३१ पासूनचं. स्टेलेनबॉशला १९६१ मध्ये विभाग सुरू झाला तो फ्रेड एंगेलेन या बेल्जियमहून आलेल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली. त्याची पत्नी टीने बाल्डर ही फ्लेमिश, म्हणजे बेल्जियममधली डच बोलणारी, अभिनेत्री. फ्लेमिश आणि आफ्रिकान्स या जवळच्या भाषा असल्या तरी उच्चार खूप वेगळे. तरीही तिनं आफ्रिकान्स रंगभूमीवर वर्षानुवर्षं कामं केली आणि शिकवलंही. दुसऱ्याच्या भाषेत उभं राहणारी नटी शिक्षक म्हणून फार उपयोगी असते असा माझा अनुभव आहे. जन्मतः बोलणाऱ्याला जे न मागता मिळतं, ते तिनं एकेक अक्षर करून मिळवलेलं असतं, त्यामुळे ते तिला समजावून सांगता येतं.

वर्गात नेमकं काय शिकवतात, हे थोडं जवळून सांगते, कारण माझा विषयच तो आहे. आफ्रिकान्समध्ये ‘ग’ असं लिहिलेलं अक्षर घशातून घासून काढतात, उर्दूतल्या ‘ख़’सारखं. ‘र’ जिभेच्या टोकावर कंप पावतो. दोन अंकी नाटकात हा घासलेला आवाज हजारदा येतो. नवा नट जोर दाखवायला तो घशाच्या तळातून ओढतो आणि तिसऱ्या प्रयोगाला त्याचा घसा बसतो. शिक्षक त्याला तो आवाज वर, पडजिभेजवळ आणायला लावतो, आणि मागून हवेचा दाब कमी करायला सांगतो. आधी कुजबुजत, मग बोलत, मग हॉलच्या शेवटच्या भिंतीशी बोलत. त्यातला एक भाग मी माझ्या वर्गात मराठी मुलांसाठी वापरते. आपली मुलं रागाच्या वाक्यात ‘ख’ आणि ‘ह’वर अशीच घसा फाडतात.

पण उच्चाराच्या वर्गातच आफ्रिकान्स नाट्यशिक्षणाचं सगळ्यात मोठं पाप दडलेलं आहे. सरकारी रंगमंचावर चालायची ती प्रमाण, ‘सुसंस्कृत’ मानलेली आफ्रिकान्स. केप टाउनबाहेरच्या केप फ्लॅट्स या सपाट, वाळूच्या भागातल्या मजुरांची, कोळ्यांची, शिंपिणींची काप्स बोली विनोदी नोकराच्या तोंडी घालायची. १९५९ च्या कायद्यानं गोऱ्यांच्या विद्यापीठांत इतरांना विशेष परवान्याशिवाय प्रवेश बंद झाला. त्यांच्यासाठी १९६० मध्ये वेस्टर्न केपचं वेगळं विद्यापीठ-महाविद्यालय काढलं गेलं. आता बघा, ज्यांच्या तोंडी ही भाषा सर्वाधिक आहे, त्यांनाच तिच्या नाट्यविभागात जागा नाही. म्हणजे ‘आफ्रिकान्स नाट्यशिक्षक’ हे शब्द वाचले की मी लगेच विचारते, कुठे शिकवत होता आणि कुणाला?

अ‍ॅडम स्मॉल त्याच नव्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचा. १९६५ मध्ये त्याचं ‘कान्ना हेइ को हेइस्तू’ हे नाटक छापून आलं. काप्समध्ये. परदेशात शिकून मोठा झालेला मुलगा, आणि केप फ्लॅट्सवर त्याची वाट पाहणारी, त्याला वाढवणारी अपंग आई माकीत. काळ मागेपुढे सरकतो, मेलेली माणसं जिवंतांशी बोलतात, आणि जिला बाजारू बोली म्हणत ती शोकांतिकेचं ओझं पेलते. आफ्रिकान्समधलं सर्वश्रेष्ठ नाटक कुठलं, असं मला विचाराल तर मी हेच सांगेन. आणि सत्तरच्या दशकात सरकारी कलामंडळानं ते केलं तेव्हा भूमिका गोऱ्या नटांनी केल्या, कारण दुसऱ्या कुणाला त्या मंचावर जागाच नव्हती. ते नट चांगले होते. त्यांनी मेहनतीनं बोली शिकली असणार. तरीही माकीतच्या स्वतःच्या गल्लीतल्या मुलीला ती भूमिका मिळाली नाही. नाट्यशिक्षणाचे दरवाजे बंद ठेवले की काही वर्षांनी रंगमंचावर त्याचं असं फळ दिसतं.

बंद दाराच्या बाहेरही शिकवणं चालू होतं, आणि माझ्या लेखी तेच जास्त मोलाचं. केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत इओआन ग्रुप ही संस्था १९३३ पासून मुलांना उच्चार, नृत्य, पुढे संगीतिका शिकवत होता. १९६६ मध्ये ती वस्ती सरकारनं ‘गोऱ्यांची’ जाहीर केली आणि माणसं उठवून फ्लॅट्सच्या वाळूत नेऊन टाकली. तिथल्या शाळांत आणि चर्चच्या हॉलमध्ये मास्तरांनी नाटकं बसवली. अपिंग्टनची शालीन सर्टी-रिचर्ड्स पुढे ‘फीला से किंट’ या १९८८ च्या चित्रपटातून घरोघरी पोचली, ती आधी शाळेत शिकवायची. तिच्यासारख्या कलाकाराच्या परिचयात शिक्षिकेची नोकरी एका ओळीत उरकतात. पण दारं बंद असलेल्या काळात शाळा हीच तिच्या समाजाची नाट्यशाळा होती.

१९७२ मध्ये केप टाउनला स्पेस, १९७६ मध्ये जोहान्सबर्गच्या जुन्या भारतीय फळबाजाराच्या इमारतीत मार्केट थिएटर आणि १९७७ मध्ये केप टाउन विद्यापीठाचं बॅक्स्टर, अशी मिश्र प्रेक्षकांची नाट्यगृहं आली. आफ्रिकान्स नटांसाठी खरी परीक्षा इथे होती, सरकारी पगार सांभाळायचा की इथे येऊन काम करायचं. १९८५ मध्ये बॅक्स्टरला स्ट्रिंडबर्गचं ‘मिस ज्युली’ झालं. प्रिटोरियात शिकलेली सांद्रा प्रिन्सलू आणि तिच्यासमोर जॉन कानी. गोऱ्या नटीनं काळ्या नटाचं चुंबन घेतलं आणि प्रेक्षक उठून गेले. प्रिन्सलूची कारकीर्द त्यानं संपली नाही. ती आजही आफ्रिकान्स रंगभूमीवरची सर्वांत मोठी अभिनेत्री आहे असं मी मानते.

पोटापाण्याकडे येते. दक्षिण आफ्रिकेत दूरदर्शन फार उशिरा आलं, ५ जानेवारी १९७६ ला. तोवर नटाचं दुसरं घर म्हणजे रेडिओ. मालिका, नभोनाट्य, शाळांसाठी कार्यक्रम. आफ्रिकान्सच्या सरकारी रेडिओवर नभोनाट्यं आजही होतात. दूरदर्शन आल्यावर एक विलक्षण काम सुरू झालं: परदेशी मालिकांचं आफ्रिकान्स डबिंग. ‘मायामी व्हाइस’ आफ्रिकान्समध्ये दिसायची आणि ज्यांना मूळ इंग्रजी हवं त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावायचा. शेकडो तासांचं हे काम नाट्यशाळेतून आलेल्या नटांनी केलं. अमेरिकन ओठ जिथे मिटतात तिथे आफ्रिकान्स वाक्यात ‘प’, ‘ब’ किंवा ‘म’ यायला हवा, आणि तरी वाक्य माणसाचं वाटायला हवं. वाचिक अभिनयाची याहून कठोर तालीम मला माहीत नाही. ज्यांनी ती केली त्यांतले कित्येक पुढे उत्तम आवाज-शिक्षक झाले.

१९९२ पासून ‘एगोली’, २००० पासून ‘सेवेन्डे लान’ या दैनंदिन मालिकांनी नटांना घरभाडं दिलं. ‘सेवेन्डे लान’ २०२३ च्या अखेरीस बंद झाली. म्हणजे स्थिर वाटलेला तोही आधार गेला. कलामंडळांचे पगारी नटसंच तर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातच मोडले. लोकशाही आल्यावर सरकारी पैसा सगळ्या भाषांत आणि सगळ्या समाजांत वाटायचा होता, आणि तो वाटायलाच हवा होता. पण चाळिशी-पन्नाशीतल्या नटाला एका सकाळी कळलं की आता महिन्याचा पगार नाही. यांतले बरेच जण तेव्हा शिकवायला गेले. काहींना जमलं, काहींना अजिबात जमलं नाही. जमलं त्यांना, जे आधीपासून तालमीत नवख्यांकडे बघत होते.

त्याच सुमाराला दुसरी वाट उघडली होती. १९९५ मध्ये आउट्सहूर्न या शहामृगांच्या गावात क्लाइन कारू कलामहोत्सव सुरू झाला. मग पॉचेफ्स्ट्रूमचा आर्टक्लोप, स्टेलेनबॉशचा वूर्टफीस, केप टाउनचा सेडूस्टर. आफ्रिकान्स नाटकाचा आजचा हंगाम या महोत्सवांभोवती फिरतो. मी आउट्सहूर्नला गेले तेव्हा ज्या शाळेच्या व्यायामशाळेत प्रयोग पाहिला, तिथे बास्केटबॉलची रिंग काळ्या कापडानं झाकलेली होती. एक नाटक संपलं, लोक बाहेर पडेपर्यंत दुसऱ्या नाटकाची मुलं खुर्च्यांमधून झाडू मारत आत आली. पाऊण तासात दिवे फिरवले, टेप लावून जागा आखल्या. साठीतली मुख्य अभिनेत्री स्वतः टेबलावरच्या वस्तू एकेक मोजून मांडत होती. आणि झाडू मारणाऱ्यांतल्या एका मुलीला, हात न थांबवता, तिच्याच पहिल्या प्रवेशातलं एक वाक्य पुन्हा म्हणायला लावत होती. तिसऱ्यांदा ते बरोबर आलं तेव्हा बाई नुसती मान हलवून पुढच्या वस्तूकडे वळली. दिवसाला दोन प्रयोग असतात, नाटक साधारण तासाभराचं, आणि नफा तिकिटांवर. म्हणून नेपथ्य मोटारीच्या डिकीत मावेल एवढंच.

अशा अर्थकारणात एकपात्री प्रयोग जिंकतो. सांद्रा प्रिन्सलूनं २००९ पासून ‘दि नाइमशीन’ या एकपात्री नाटकाचे वर्षानुवर्षं प्रयोग केले. वृद्धाश्रमातली एक म्हातारी आणि तिचं शिवणयंत्र. एक नट, एक यंत्र, थोडी वेशभूषा. हे नाटक गावोगावच्या हॉलमध्ये चाललं कारण ते गाडीत मावतं आणि त्याचं ‘नाईट’चं गणित एका माणसापुरतं आहे.

या सगळ्यात नाट्यशिक्षकाचं वर्ष कसं दिसतं? मूल प्राथमिक शाळेत असल्यापासून त्याचं काम सुरू होतं. तिकडे आइस्टेडफॉड नावाच्या पठणस्पर्धा असतात, कविता म्हणायची, उतारा सादर करायचा, परीक्षक गुण देतात. गावात अशी मुलं तयार करणाऱ्या खासगी शिक्षिका असतात आणि जवळजवळ प्रत्येक आफ्रिकान्स नटाच्या बालपणात अशी एक बाई सापडते. माध्यमिक शाळेत ‘नाट्यकला’ हा शालान्त परीक्षेचा पूर्ण विषय आहे, लेखी आणि प्रात्यक्षिक. पी. जी. दु प्लेसीचं १९७१ चं ‘सीनर इन दि सबर्ब्स’ हे आफ्रिकान्स नाटक त्यात नेमलेलं असतं. म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा रंगमंचाच्या दृष्टीनं नाटक वाचतो, आणि त्याला शिकवायला नाटकातला पदवीधर लागतो. हीच ती नोकरी. शिवाय एटीकेव्ही ही १९३० पासूनची सांस्कृतिक संस्था शाळकरी मुलांच्या आणि विद्यापीठांच्या नाट्यस्पर्धा भरवते. आपल्या राज्य नाट्यस्पर्धेचा ज्यांना अनुभव आहे त्यांना कळेल, एका गावात सलग दहा वर्षं स्पर्धेसाठी नाटक बसवणारी व्यक्ती असली की त्या गावाचा प्रेक्षकच बदलतो.

शाळेच्या सुट्ट्या आणि महोत्सवांच्या तारखा एकमेकांना धरून असतात, हे आणखी एक व्यावहारिक सत्य. क्लाइन कारूचा महोत्सव परंपरेनं ईस्टरच्या सुट्टीच्या आसपास येतो. त्यामुळे शाळेत शिकवणारी नटी रजा न टाकता नाटक करू शकते. विद्यापीठात तर दिग्दर्शन हा नोकरीचाच भाग असतो. मार्टिनस बासोननं स्टेलेनबॉशला वर्षानुवर्षं शिकवलं आणि त्याच काळात आफ्रिकान्समधले सर्वांत धाडसी प्रयोग बसवले. कवी ब्रेटेन ब्रेटेनबाखचं ‘बोकलीट’ त्यानं बसवलं, ते १९९८ मध्ये क्लाइन कारू महोत्सवात झालं, लोक चिडले, चर्चा झाली. बासोनच्या हाताखाली शिकलेले नट आज त्या रंगभूमीवर सगळीकडे दिसतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. शिकवायला लागलं की नट संपतो का? धोका आहे, तो नाकारणार नाही. शिक्षक रोज ‘असं कर’ म्हणून करून दाखवतो. करून दाखवलेलं नेहमी थोडं मोठं, थोडं स्पष्ट, थोडं मेलेलं असतं. त्याची सवय लागली की तो प्रयोगातही विद्यार्थ्यांना समजावल्यासारखा अभिनय करतो. समोरच्या नटाचं ऐकायच्या ऐवजी त्याच्या चुका मोजतो. मला स्वतःला यावर एकच उपाय लागू पडला. वर्गात करून दाखवायचं नाही, प्रश्न विचारायचे, वाक्याची जागा दाखवायची आणि गप्प बसायचं. आणि वर्षातून एकदा तरी अशा दिग्दर्शकाकडे काम करायचं, जो आपल्याला बाई म्हणून ओळखत नाही. घशाचं भानही ठेवायला हवं. दिवसाला पाच तास शिकवून संध्याकाळी प्रयोग केला तर आवाज वर्षभरात खरखरीत होतो. प्रयोगाच्या दिवशी वर्ग घेऊ नका, आणि घ्यावाच लागला तर लेखी काम द्या.

फायदाही तितकाच खरा. शिकवणाऱ्या नटाला संहिता पुन्हा पुन्हा वाचावी लागते. एकच प्रवेश वीस मुलं वीस प्रकारे करतात, त्यातले सतरा चुकतात आणि तीन आपल्याला कधी सुचले नसते असे निघतात. ‘कान्ना’ शिकवणारे शिक्षक आता केप फ्लॅट्सवरून आलेल्या मुलांना शिकवतात आणि बोलीच्या बाबतीत तीच मुलं शिक्षकांना दुरुस्त करतात. स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या नाट्यगृहाला १९६६ पासून एच. बी. टॉम या राष्ट्रवादी कुलगुरूचं नाव होतं. आता ते अ‍ॅडम स्मॉलच्या नावानं ओळखलं जातं. स्मॉलला नाटकासाठीचं हेर्टझोख पारितोषिक, म्हणजे आफ्रिकान्स साहित्यातला मोठा सन्मान, मिळालं ते २०१२ मध्ये, छापील नाटकानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. उशीर फार झाला, पण झालं ते योग्य झालं आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

तेव्हा बी.एड. करा. पण दोन गोष्टी बघून. जिथे नोकरी घ्याल तिथे नाटक बसवायला हॉल आणि वेळ मिळणार का, हे मुलाखतीतच विचारा. नुसतं स्नेहसंमेलन बसवणारी बाई अशी तिथली अपेक्षा असेल तर ती जागा सोडा. आणि पहिली तीन वर्षं प्रयोगात खंड पडू देऊ नका, भूमिका दोन वाक्यांची असली तरी चालेल, कारण याच वर्षांत दिग्दर्शक तुम्हाला विसरतात. तुमच्या वर्गात घरची बोली बोलणारी मुलं येतील, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली. त्यांचा उच्चार सुधारायच्या आधी त्यांच्या बोलीत एक गंभीर प्रवेश बसवून बघा. ज्या मुलाला विनोदी नोकर म्हणून उभं केलं जातं, त्यालाच मुख्य भूमिका द्या आणि तालमीत त्याला मध्येच थांबवू नका.